चिंचेचं रिपोर्टिंग

…आन वर मालक मलाच म्हणत्यात, "रेश्मे, भांडी हळू घास, चिंच झोपलीया!" आता मला सांगा, चिंच झोपती व्हय? बरं, झोपती म्हणा… सांजच्याला पानं मिटून घेती ती, ते मलाबी ठावं हाय, मी काय शेरातनं आलेली न्हाई, कुंडलची हाय, उसाच्या फडात वाढलेली हाय… पर म्हणून माणसानं कुकरची शिट्टी काढून लपवून ठिवायची? आवं, भात शिजायचा कसा? चार दिस आमी शिट्टीबिगर भात खाल्ला, खाली करपल्याला आन वर कच्चा, आन आमचं मालक मिटक्या मारत खात्यात, का? तर चिंचेची झोपमोड झाली न्हाई म्हणून! पर मी काय बोलले? कायबी न्हाई. मी आपली गप. माजा सभावच न्हाई बोलायचा.

तुमी म्हणशीला कसली चिंच, कुटली चिंच… सांगते, बुडापासनं सांगते. आमचं मालक, तानाजी हवालदार, पलटणीत चोवीस वर्सं काढून घरी आलं त्येला आता दीड वरीस झालं. लोकांचं मालक पेन्शनीत येत्यात, कुणी ऊस बगतंय, कुणी कारखान्याच्या गेटावर शिकुरिटीत लागतंय, कुणी न्हाईच काय तर पारावर बसून सरकार पाडतंय. आमचं ह्ये काय करायचं ठावं हाय का? सकाळी पाचला उठायचं, दाढी करायची, बूट घासायचं, बूट घालायचं… आन खाटंवर भितीकडं तोंड करून बसायचं! कुटं जायचंय? कुटंच न्हाई. कुणीतरी हाक मारंल आन आपुन "जी सर" म्हणून उठू, अशी वाट बगत बसायचं. जेवा म्हटलं की जेवायचं, झोपा म्हटलं की झोपायचं. एकदा मी म्हटलं, "आवं, वाईच हसा की!" तर हसलं. आन थांबनातच! शेवटाला मीच म्हटलं, "बास आता," तवा थांबलं. तुमी हसताय, पर एकदा माज्या जागी बसून बगा. समोर बसल्यालं माणूस, पर घरात न्हाईच.

तर मागल्या जानेवारीत साताऱ्यासनं फोन आला. मेजर वीरधवल सायेब, ह्येंचं जुनं सायेब. म्हणालं, "तानाजी, मी मुलाकडे ऑस्ट्रेलियाला चाललोय, सहा महिने. माझी चिंच तुझ्या हवाली करणार आहे." ह्येंनी इचारलं, "सर, मीच का?" तर सायेब म्हणालं, "कारण तू स्वतःचं डोकं चालवत नाहीस. सांगितलं तेवढंच करतोस. म्हणून तुझ्यावर भरवसा!" आता हे ऐकून दुसरा कुणी असता तर फुगून बसला असता का न्हाई? आमचं ह्ये गावभर सांगत फिरलं, छाती काढून… "सायेब सोता म्हणालं, मी डोकं चालवत न्हाई!" पर मी काय बोलले? मी आपली गप.

गेलो साताऱ्याला. मी आपली दोन पिशव्या संगं घेतल्या, म्हटलं सायेबांची चिंच हाय, पिकल्याल्या चिंचेची चार बुटकं तरी पडली असतील खाली, आमटीला हुतील. तर सायेबांनी आतनं परात आणली. परातच म्हणा, तशी उथळ मातीची कुंडी, आन तिच्यात गुडघ्याएवढी चिंच! एवढीशी! पर खोड बगाल तर म्हाताऱ्या माणसाच्या हातागत गाठीगाठींचं, आन शेंड्याला बारीक बारीक पानांचा झुपका. मी म्हटलं, "सायेब, रोप लय गोड हाय, कवा लावलं?" म्हणालं, "चाळीस वर्षं झाली." चाळीस! आवं, माज्यापरीस चार वर्सांनीच धाकटी की ती! मी म्हटलं, "चाळीस वर्सं जेवाय घातलं न्हाई का हिला?" ह्येंनी मला असा कोपर मारला…

सायेब हसलं पर. म्हणालं, "रेश्मा, याला बोन्साय म्हणतात. आमच्या लग्नाच्या साली बाईसाहेबांनी बी पेरलं होतं. त्या गेल्या दोन वर्षांपूर्वी. आता ही एवढीच आहे." आन बोलता बोलता एवढा दांडगा माणूस कुंडीवरची धूळ बोटानं पुसाय लागला की हो. मग मीबी त्या पिशव्या मागं लपवल्या. मी म्हटलं, "सायेब, लेकरागत सांभाळू." आता मला काय ठावं, लेकराला एवढा तरास नसतोय!

येताना एसटीत ह्ये मांडीवर कुंडी घिऊन ताठ बसल्यालं. कंडक्टर आला. म्हणतोय, "ह्ये झाड का लगेज?" ह्ये म्हणालं, "बोन्साय हाय. वय चाळीस." तर त्यो कंडक्टर बेरकी, म्हणतोय, "चाळीस? मग हाफ कसं बसंल, फुल काढा!" आन ह्येंनी काढलं की फुल तिकीट! मी म्हटलं, आवं, चेष्टा करतोय त्यो! म्हणत्यात, "रूल म्हंजे रूल." घरी आलो तर आत्याबाई, माज्या सासूबाई, रंगूबाई, उंबऱ्यातच बसलेल्या. म्हणाल्या, "काय आणलंस रं तान्या?" "बोन्साय, आये." "बोन… साय? कुटल्या म्हशीची?" झालं! त्येंला समजावता समजावता चुलीवरचा च्या आटला.

पर एक सांगते. दुसऱ्या दिसापासनं मालक भितीकडं तोंड करून बसलं न्हाईत. चिंचेकडं तोंड करून बसलं. तेवढाच फरक, पर माज्या जिवाला बरं वाटलं.

मग फेब्रुवारीत आला सायबांचा फोन. ह्येंच्याकडं आपला जुना बटणांचा डबा, त्यात परदेशातनं फोन, नुसती खरखर, जवारी भाजल्यागत तडतड… ह्ये अंगणात पळत्यात, बांधावर पळत्यात, शेवटाला पाण्याच्या टाकीवर चढलं आन तिथनं वरडत्यात, "जी सर! जी सर! हो जायेगा सर!" खाली उतरलं, टाचा जुळवल्या आन मला म्हणालं, "आर्डर आलीया. तीन कामं. रिपोर्टिंग, रेस्ट, आन ऑयलिंग."

मी म्हटलं, "कुणाला?"

"चिंचेला."

आता मला सांगा, माणसानं एकदा तरी इचार करावा का न्हाई? झाडाला ऑयलिंग? मी इचारलंच. तर म्हणालं, "रायफल काय जिती असती व्हय? तिला ऑयलिंग करतोच की रोज. ही तर जिती हाय." घ्या! ह्येच्यावर काय बोलणार? मी आपली गप.

तवापासनं सुरू झालं रामायण. सकाळी सा वाजता रिपोर्टिंग. ह्ये कडक इस्त्रीचा शर्ट घालून चिंचेपुढं हुबं. "चिंच, एक! फांद्या, नऊ! मुंगळं, दोन… भगा दिये! सब ठीक, सर!" सलूट! कुणाला? तर पलीकडं प्लास्टिकची खुर्ची ठिवल्याली, रिकामी. मी म्हटलं, "आवं, सायेब तिकडं समिंदरापल्याड, ऐकायला कोण हाय हितं?" "रिपोर्टिंग रिपोर्टिंग असतंय. वहीत लिवून ठिवतोय." आन खरंच वही! पहिल्या दिशी पानं मोजाय बसलं. चिंचेची पानं! तिळागत बारीक ती, वाऱ्यानं हाललं की मोजणी चुकली, पुन्ना पहिल्यापासनं. दुपार झाली. शेवटाला आत्याबाई म्हणाल्या, "तान्या, लेका, लगीन झालं तवा बायकूकडंबी एवढं बगितलं न्हाईस रं!" बगा, सासू हाय पर खरं बोलली. मी बोलले का? न्हाई.

दुपारी एक ते चार, रेस्ट. भर उनातली चिंच उचलायची, आत आणायची आन आमच्या खोलीत पंख्याखाली ठिवायची. लाईट गेली तर ह्ये सुपानं वारा घालत्यात! आन मी? मी परड्यात भांडी घासतीया, डोक्यावर ऊन. तेबी हळू, आवाज न करता. आन सांजच्याला ऑयलिंग. मऊ फडकं घ्यायचं, त्येला चिंदी म्हणायचं, तेलात बुडवायची आन खोड पुसायचं, फांदी पुसायची, एकेक पान बोटांच्या चिमटीत धरून पुसायचं. कसलं तेल? माजं तेल! मी डोक्याला लावायला आणल्यालं खोबरेल! आठ दिसांत बाटली रिकामी. लग्नाला एकवीस वर्सं झाली, माजं डोकं दुखतंय म्हटलं तर ह्या माणसानं कवा बोट लावलं न्हाई, आन चिंचेच्या पोरीला मालिश! सवत म्हणावी तर गुडघ्याएवढी. भांडायचं कसं तिच्यासंगं?

एप्रिलात मातूर गाडी बिघडली. पानं पिवळी पडाय लागली. चिकट, मळकट, बोट लावलं की गळायची. ह्ये वहीत लिवायचं, "आज चाळीस गळाली." दुसऱ्या दिशी "साठ गळाली." गळाल्यालं पान टाकायचं न्हाईत, एका डब्यात ठिवायचं. रिपोर्टिंगचा आवाज बारीक हुत गेला. आन एक दिस बगते तर मालक पुन्ना खाटंवर. भितीकडं तोंड. मी चिंचेकडं बगितलं, ह्येंच्याकडं बगितलं. म्हटलं, ही गेली की ह्यो माणूसबी गेला. मग पुन्ना कुटनं आणू मी ह्येला?

तेवढ्यात मे महिन्यात सायबांचा फोन आला. ह्या खेपेला रेंज आशी झकास, सायेब जणू परड्यात बसून बोलाय लागलेत.

"तानाजी! रिपॉटिंग झालं ना?"

"झालं, सर!"

"शाब्बास. कधी केलंस?"

"रोज करतोय, सर!"

तिकडनं सायेब म्हणालं, "…रोज?"

"रोज, सर! सकाळी साला. आन गेल्या महिन्यापासनं सांजच्यालाबी, सर! दोन टाइम!"

आता मी शेजारीच हुबी. फोनातनं कसला तरी आवाज आला, खुर्ची पडल्यागत. "अरे, दोन टाइम रिपॉटिंग? रोज मुळं कापतोस? जिवंत आहे का ती?" आन ह्ये म्हणत्यात, "मुळं? मुळं कशापायी कापू, सर?" "मग रिपॉटिंग म्हणजे काय करतोस तू?" "सलूट करतोय, सर!"

आवं, काय सांगू तुमास्नी! सायबांनी मग पहिलीच्या पोराला शिकवल्यागत फोड करून सांगितलं. रि-पॉ-टिंग! पॉट म्हंजे कुंडी! जुन्या कुंडीतनं झाड काढायचं, मुळं छाटायची, नवी माती घालून पुन्ना लावायचं. दोन-तीन वर्सांतनं एकदा! आन दुसरं? रेस्ट न्हाई, ऑयलिंग न्हाई, ते हुतं री-स्टायलिंग! म्हंजे फांद्या छाटून, तार बांधून झाडाला नवं वळण लावायचं! "तू काय केलंस?" "तेल लावलं, सर." "कसलं?" "खोबरेल, सर." मग सायेब हळूच म्हणालं, "तानाजी, तिचा श्वास कोंडलाय रे. पाऊस लागायच्या आत सगळं करावं लागेल. नाहीतर…" न्हाईतर काय ते त्येंनी सांगितलं न्हाई. बाईसायबांचं नावबी काढलं न्हाई. ह्येंनी फोन ठिवला आन म्हणालं, "रेश्मे, मी सायबांची चिंच मारली."

आता अशा येळी बायकूनं काय करायचं? बोंब मारायची? मी पदर खवला. म्हटलं, उठा! पलूसला पाव्हण्यांच्या द्राक्षबागंतनं छाटणीची कात्री आणली. मोटार वायंडिंगच्या दुकानातनं जळक्या मोटारीची तांब्याची तार आणली, कशी मऊ वळती ती. आन नव्या मातीत मिसळाय वीट फोडली, माज्या पिठाच्या चाळणीनं चाळली, हां, पिठाच्या! नवी चाळण! पर मी बोलले का? चिंचेला दोन दिस साबणाच्या पाण्यानं आंघोळ घातली, तेल काढलं. मग माजा फोन, बचत गटात घेतल्याला चांगला फोन, धुणं वाळत घालायच्या तारंला चिमट्यानं अडकवला आन लावला सायबांना व्हिडिओ. तारंवर एका बाजूला सायेब, दुसऱ्या बाजूला ह्येंची बनियन. वाऱ्यानं दोघंबी हालत्यात.

सायेब म्हणालं, "कडेनं माती मोकळी कर. हळू. आता उचल." उचललं. आन खाली बगतो तर काय… माती कुटं हाय? नुसती मुळं! गोल गोल गुंडाळल्याली, कुंडीच्या आकाराची चकतीच झाल्याली, शेवयांच्या गठ्ठ्यागत. बिचारीला पाय पसराय जागाच नव्हती. सायेब म्हणालं, "यातला तिसरा हिस्सा कापायचा." ह्येंनी कात्री धरली. आन तशीच खाली ठिवली… आवं, काश्मिरात बर्फात हुबं ऱ्हायल्यालं माणूस! "सर, न्हाई हुणार सर. बाईसायबांचं…" तिकडं सायबांनीबी तोंड फिरवलं. घ्या! एक मेजर, एक हवालदार, आन दोघांच्या डोळ्यांत पाणी!

मी म्हटलं, द्या हिकडं ती कात्री! "आवं, ऊस तोडल्यावर बुडका पार जमिनीलगत छाटतोय का न्हाई आपुन? तवा कुणी रडतंय का? मग खोडव्याला कोंब फुटत्यात का न्हाई? मग!" आन चालवली कात्री. कच, कच, कच. आत्याबाई उंबऱ्यातनं वरडत्यात, "आगं बया, दांडग्या हातानं तोडती बया ही!" सायेब तिकडनं डोळे मिटून इचारत्यात, "झालं का? झालं का?" मी म्हटलं, "झालं. उघडा डोळे." खरं सांगू, त्या येळी मलाबी भ्या वाटत हुतं, पर दाखवायचं कुणाला?

मग विटंचा चुरा, माती, जुनं शेणखत घालून नव्या कुंडीत चिंच बसवली, बुडाला तारंनं बांधली. मग सायेब म्हणालं, "तानाजी, आता फ्रंट ठरव." ह्ये एकदम ताठ! "फ्रंट, सर? दुश्मन कुटल्या साईडनं?" सायेब म्हणालं, "अरे, झाडाचा फ्रंट! चेहरा! कुठल्या बाजूनं बघायचं ते." आत्याबाई म्हणाल्या, "झाडाला तोंड असतंय व्हय गं?" मी म्हटलं, "ह्येस्नी असतंय तर झाडाला का न्हाई!" फिरवून फिरवून एक बाजू धरली. तार गुंडाळली, फांद्या वाईच खाली वाकवल्या.

आन मग आली खरी गोची. शेंड्याला दोन फांद्या, एक जाड, एक बारकी वाकडी. सायेब म्हणालं, "या दोन्ही राहिल्या तर झाड फुटणार नाही, ताकद विभागते. एक काढायची."

"कुटली, सर?"

"तू ठरव."

"सर… आर्डर?"

"मला तारेवर हलताना काय दिसतंय? तू समोर आहेस. बघ, आणि तुला वाटेल ती…" आन तेवढ्यात फोन बंद! बॅटरी संपली!

आवं, तुमास्नी काय सांगू, तास गेला, दोन तास गेलं. ह्ये कात्री घिऊन चिंचेपुढं बसल्यालं. डावीकडनं बगायचं, उजवीकडनं बगायचं, वाकून बगायचं. मी म्हटलं, "फोन चार्जिंगला लावलाय, पुन्ना इचारू की." तर ह्ये हळूच म्हणालं, "रेश्मे, चोवीस वर्सांत मला कुणी इचारलं न्हाई गं. तानाजी, तुला काय वाटतंय, आसं कुणी इचारलंच न्हाई." आन माज्या मनात आलं, खरं हाय की! आन मी तरी कवा इचारलं? एकवीस वर्सांत मी नुसतं सांगतच आले. जेवा, झोपा, हसा… आता मी तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू, त्या दिशी मला माजीच लाज वाटली. तेवढ्यात कच! ह्येंनी कापली. कुटली कापली ठावं हाय? जाडजूड, सरळ, देखणी ती कापली! आन ती वाकडी, बारकी ठिवली! मी तोंडावर हातच ठिवला. म्हटलं, "आवं, चांगली ती कापलीसा!" तर म्हणालं, "चांगली सगळेच ठिवत्यात."

घ्या. चोवीस वर्सांत पहिल्यांदा डोकं चालवलं, तेबी चिंचेवर.

मग सुरू झालं वाट बगणं. सगळी पानं गळून गेल्याली. नुसती काटकी. आठ दिस. पंधरा दिस. कायबी न्हाई. ह्ये सकाळी वही घ्यायचं, पेन उघडायचं, आन पेन मिटायचं. एकदा म्हणालं, "काय लिवू गं आज?" मी आपली कामाला लागायची, पर भाकरी थापताना ध्यान सगळं त्या काटकीत. आत्याबाईंनी तर गुरुवार धरला. त्या चिंचेपायी म्हातारी उपाशी!

आन बावीस दिसांनी, मी सकाळी परडं झाडाय गेले, तर त्या वाकड्या फांदीवर… मोहरीएवढा हिरवा ठिपका. वाकून बगितलं. कोंब! मी तोंड उघडलं हाक माराय… आन मिटलं. म्हटलं, न्हाई. हे त्येंचं त्येंनी बगायचं. आतापातूर तुमास्नी मी सारखं म्हणतीया ना, मी गप, मी गप… ते सगळं खोटं हो, मी बोलतच हुते की! पर त्या दिशी मी खरंच गप बसले. केरसुणी हातात धरून, खांबाआड, जीव मुठीत घिऊन. मालक आलं. वही काढली. वाकलं. आन एवढा मोठा हवालदार उकिडवाच बसला खाली. मग हाक आली, "रेश्मे!" आवं, काय हाक ती! लगीन झाल्यापासनं तशी हाक ऐकली नव्हती. मी पळत गेले आन म्हटलं, "काय वो, काय झालं?" जणू मला ठावंच न्हाई!

जुलैत सायेब परत आलं, ते गाडी घिऊन सरळ कुंडलला आमच्या दारातच. चिंच हिरवीगार, दाट. सायबांनी गोल फेरी मारली. वाकलं. त्या कापल्याल्या जागंवर बोट फिरवलं. ह्ये अटेन्शनमधी हुबं. शेवटाला सायेब म्हणालं, "तानाजी… मी असतो तर दुसरी कापली असती."

मी म्हटलं, झालं, मेलं हे माणूस आता, पुन्ना भित. आन ह्ये काय म्हणालं ठावं हाय का? आपल्या सायबांना? सरळ डोळ्यांत बगून?

"मग बरं झालं सर, तुमी हितं नव्हता."

बया बया बया! मला वाटलं धरणी दुभंगतीया. आन सायेब आसं हसलं, आसं हसलं, की डोळं पुसाय रुमाल काढला. म्हणालं, "हिला बघून बाईसाहेब हेच म्हणाल्या असत्या." मग चिंच गाडीत ठिवली, पट्टा बांधला आन गेलं घिऊन साताऱ्याला.

झालं. घर रिकामं. मी शिट्टी लावून भात केला, भांडी आपटून आपटून घासली, काय सुख! पर बगते तर मालक बूट घालून खाटंवर. एक दिस. दोन दिस. मी मनात म्हटलं, आता संपलं सगळं.

तिसऱ्या दिशी सकाळी खाट मोकळी! परड्यात न्हाईत, रस्त्यावर न्हाईत. कुणी हाक मारल्याली न्हाई, कुणाचा फोन न्हाई, आन माणूस गायब! नऊच्या सुमाराला आलं बांधावरनं, गुडघ्यापातूर चिखल, आन वंजळीत मातीचा गोळा. त्यात दोन बोटांएवढं चिंचेचं रोप. चार पानं. मी म्हटलं, "कुणी सांगितलं आणाय?" म्हणालं, "कुणी न्हाई. मलाच वाटलं." आन मग, बगा हं, मला म्हणालं, "तुला काय वाटतंय, कुटल्या बाजूला लावू?"

मला! मला इचारलं!

माजं डोळं भरलं, मी पदर लावला. म्हटलं, लावा की कुटंबी. आन सहज इचारलं, हो, सहजच, "सायबांच्या चिंचेवाणी व्हायला किती वर्सं लागतील ओ हिला?" तर कसं हसत म्हणालं, कुणी हसा म्हणल्याबिगर… "चाळीस तरी."

चाळीस! ह्येंचं वय एकोणपन्नास. मी म्हटलं, देवा, तोवर नक्की जगवतोस ना रं ह्येला? तर ह्ये म्हणत्यात, "जगाय लागतंयच की, तिला कोण बगणार?" एवढ्यासाठीच तर सगळा आटापिटा केला हुता… पर आता अजून चाळीस वर्सं पहाटं पाचला उठून च्या कुणी टाकायचा, ते कुणी इचारलंय का मला?